छत्री आमची, बॉक्स त्यांचा

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मागच्या वेळी रंकाळ्यावरच्या फिरण्याबद्दल लिहिलं तेव्हा पुण्याच्या आत्यांनी फोन करून "एवढंच होय रे तुझं? काहीतरी उपयोगाचं लिही की" असं सुनावलं होतं. तर आत्या, हे घ्या उपयोगाचं. फक्त आधीच सांगून ठेवतो, आज मी जरा चिडलेला आहे. तेव्हा चहा घेऊनच वाचायला बसा.

बाबा जाऊन दोन वर्षं झाली. घरचं डीटीएच कनेक्शन त्यांच्या नावावर होतं आणि त्याला जोडलेला मोबाईल नंबरही त्यांचाच. तो नंबर आम्ही पुढे चालू ठेवला नाही. कशाला ठेवायचा? वाजला की आईला त्रास व्हायचा. रिचार्ज मी माझ्या फोनवरून करत होतो, आणि दीड वर्ष कुणाची काही तक्रार नव्हती. मग एके दिवशी बॉक्स बिघडला, तो पुन्हा सुरू करायला कंपनीला ओटीपी पाठवायचा होता, आणि तो जाणार कुठं? बाबांच्या नंबरवर.

कंपनीचं नाव लिहीत नाही. दुसरीकडे फार वेगळं झालं असतं असं मला वाटत नाही. फोनवरची मुलगी बिचारी गोड बोलत होती. मृत्यूचा दाखला पाठवा, वारसाचा कागद पाठवा, नाव बदलायला इतके दिवस लागतील. मग तिनंच उपाय सुचवला. "सर, त्यापेक्षा नवीन कनेक्शनच घ्या ना." मी म्हटलं, गच्चीवर छत्री आहे, वायर आहे, खाली बॉक्स आहे, सगळं आम्ही पैसे मोजून घेतलेलं आहे, ते? त्यावर ती म्हणाली, "ते आता उपयोगाचं नाही सर."

उपयोगाचं नाही! अहो, छत्री म्हणजे वाकवलेला पत्रा. तिला कुणाचं नाव माहीत नसतं की कुणाचा नंबर. वरून जे येतं ते ती एका जागी गोळा करते, बस्स. ती कशी काय निरुपयोगी होईल?

खरी कळ पुढं आली. बॉक्सला रेकॉर्डिंगची सोय होती आणि बाबांनी त्यात सह्याद्रीवरचे चौदा कार्यक्रम साठवून ठेवले होते. बहुतेक शास्त्रीय गाण्याच्या मैफली, आणि एक चर्चेचा कार्यक्रम होता तो त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ त्यात बोलले होते म्हणून. आईला त्या मैफली हव्या होत्या. मी हार्डडिस्क काढून कॉम्प्युटरला जोडली, तर फायली आहेत पण उघडत नाहीत. रेकॉर्डिंग त्या बॉक्सच्या किल्लीनं बंद केलेलं, आणि बॉक्स कंपनीच्या परवानगीशिवाय चालत नाही.

आता जरा विचार करा. सह्याद्री ही दूरदर्शनची वाहिनी, म्हणजे सार्वजनिक. बघायला पैसे नाहीत. दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखवणं सगळ्या डीटीएच कंपन्यांना बंधनकारकच आहे. म्हणजे फुकट मिळालेली, सगळ्यांच्या मालकीची गोष्ट कंपनीनं घेतली, तिला स्वतःचं कुलूप लावलं, आणि माझ्या बाबांनी स्वतःच्या विकतच्या बॉक्समध्ये साठवलेली मैफल त्यांच्या बायकोला ऐकता येत नाही. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा, मी लिहिलं तर आत्या रागावतील.

तर त्या रात्री मी ठरवलं, छत्री उपयोगाची आहे की नाही ते बघूच.

मी काही इंजिनियर नाही. पतसंस्थेत हिशेब लिहिणारा माणूस. पण हा नाद जुना आहे. २००४ च्या डिसेंबरात दूरदर्शनची डीडी डायरेक्ट प्लस ही मोफत उपग्रह सेवा सुरू झाली (आता तिलाच डीडी फ्री डिश म्हणतात), आणि त्यानंतर दोनेक वर्षांनी मी एका मित्राच्या नादानं स्कायस्टार-२ नावाचं कार्ड कॉम्प्युटरमध्ये बसवलं होतं. प्रोगडीव्हीबी नावाच्या सॉफ्टवेअरवर रात्री दोन वाजता चित्र दिसलं तेव्हा मी बायकोला उठवलं होतं. ते चित्र होतं शेतीच्या कार्यक्रमाचं. ती अजून टोमणे मारते.

या वेळी पुण्याच्या एका हौशी माणसाकडून यूएसबीवर चालणारा रिसीव्हर घेतला, वापरलेला. काडेपेटीहून जरा मोठी डबी. एका बाजूला छत्रीची वायर लागते, दुसऱ्या बाजूला कॉम्प्युटर, आणि तिसरा एक अ‍ॅडॉप्टर. तो विसरायचा नाही, कारण छत्रीच्या दांड्यावर बसवलेल्या एलएनबीला वीज याच वायरीतून वर जाते. १३ व्होल्ट गेले की ती उभ्या ध्रुवणाचे सिग्नल घेते, १८ गेले की आडव्या. हे यूएसबीच्या ५ व्होल्टांचं काम नाही.

आता छत्री. फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. तो २०१५ च्या नोव्हेंबरात सोडला आणि विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशाच्या डोक्यावर थांबलेला आहे. आपलं कोल्हापूर साधारण ७४.२ अंशांवर. म्हणजे तो आपल्या पूर्वेकडे १९ अंशांवर, आणि आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला असल्यामुळे बघायचं आग्नेयेला. हिशेब केला तर होकायंत्रावर १२९ अंश आणि क्षितिजापासून ६० अंश वर. आमची छत्री आधीच्या कंपनीच्या उपग्रहाकडे बघत होती, ती थोडी फिरवावी लागणार होती.

इथं एक गंमत सांगतो, कारण मी स्वतः इथं दोन तास घालवलेत. या छत्र्या तिरप्या नजरेच्या असतात. एलएनबी मध्यभागी नसते, खालून आलेल्या दांड्यावर असते. त्यामुळे छत्री समोरच्या बिल्डिंगकडे बघतेय असं वाटतं तेव्हा ती प्रत्यक्षात त्याच्यापेक्षा सुमारे २५ अंश वर बघत असते. तुम्ही ६० अंश म्हणून पत्राच ६० अंशांवर झोपवलात की संपलं. आणि दुसरं, एलएनबी सरळ बसवायची नाही. उपग्रह आपल्या बाजूला सरकलेला असल्यामुळे त्याचं 'उभं' आपल्याला उभं दिसत नाही. कोल्हापुरात ते जवळजवळ ४८ अंश कललेलं दिसतं, म्हणून एलएनबीही तेवढी फिरवावी लागते.

रविवारी सकाळी वर गेलो तर छत्रीचा एक क्लॅम्प गंजून तुटलेला. तो घेऊन उद्यमनगरात गेलो. तिथल्या मिस्त्रींनी बघितला आणि म्हणाले, "ह्याला काय हुतंय, द्या हिकडं." वेल्डिंग करून दिला, वर विचारलं, "छत्री कॉम्प्युटरला लावतासा व्हय? मग सुरू झाल्यावर सांगा की आम्हास्नी पण." मला फार बरं वाटलं. त्या ग्राहक सेवा केंद्रातून जे ऐकलं त्याच्या बरोबर उलटं होतं हे.

मग तेच जुनं नाटक. मी गच्चीवर १३ नंबरचा पाना घेऊन, मुलगी खाली कॉम्प्युटरपुढं, मध्ये जिन्यात आई.

"आलं काय?"

"नाही!"

"आता?"

"स्ट्रेंथ दिसतेय, क्वालिटी शून्य!"

पूर्वी अँटेना फिरवताना आम्ही 'मुंग्या आल्या, मुंग्या गेल्या' असं ओरडायचो, आता स्ट्रेंथ आणि क्वालिटी. फरक समजून घ्या. स्ट्रेंथ म्हणजे एलएनबी जिवंत आहे आणि काहीतरी येतंय. क्वालिटी म्हणजे जे हवं तेच येतंय. मी रिसीव्हरला सांगितलं होतं, ११०९० मेगाहर्ट्झ, उभं ध्रुवण, सिंबॉल रेट २९५००. एलएनबी यातून स्वतःचे ९७५० वजा करते आणि उरलेले १३४० मेगाहर्ट्झ वायरीतून खाली पाठवते, कारण मूळ कंप्रता वायरीतून नेली तर वाटेतच जिरून जाईल. बाकी काम आपल्या बोटांचं. एक केसभर सरकवायचं, तीन सेकंद थांबायचं, पुन्हा केसभर. घाई केली की उपग्रह हातातून निसटतो.

साडेअकराला मुलगी किंचाळली. क्वालिटी ७० च्या पुढं. आईनं जिन्यातूनच विचारलं, "सह्याद्री आहे काय त्यात?" होती.

आता मुद्द्यावर येतो. एवढं वर्णन मी हौस म्हणून केलेलं नाही.

कंपन्यांचा बॉक्स एकमेकांच्या सेवेला का चालत नाही हे विचारलं की गेली वीस वर्षं एकच उत्तर मिळतं. तंत्रज्ञान वेगळं आहे हो! एकाचं एमपेग-२, दुसऱ्याचं एमपेग-४, एकाचं डीव्हीबी-एस, दुसऱ्याचं डीव्हीबी-एस२, कसं जमणार? मी ते खरं मानत होतो. पण माझा हा जुनाट कॉम्प्युटर, ज्याच्यावर मी पतसंस्थेचे ताळेबंद घरी आणून जुळवायचो, तो हे चारही प्रकार निमूटपणे दाखवतो. काडेपेटीएवढी डबी दोन्ही तऱ्हेचे सिग्नल पकडते आणि काफीन नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर दोन्ही तऱ्हेची चित्रं उलगडतं. म्हणजे अडचण तंत्रज्ञानाची नाहीच. अडचण इच्छेची आहे.

आणि हे मी माझ्या मनानं बोलत नाही. डीटीएचची मार्गदर्शक तत्त्वं सरकारनं १५ मार्च २००१ ला काढली, त्यात सातव्या कलमातच लिहिलंय की बॉक्स खुल्या रचनेचा हवा, कुणा एकाच्या मालकीच्या तंत्राचा नको, आणि एका कंपनीचा बॉक्स दुसरीच्या सेवेला चालला पाहिजे. म्हणजे डीटीएच देशात सुरू व्हायच्या आधीच हा नियम कागदावर होता! पहिली खासगी सेवा आली २००३ साली. कॉमन इंटरफेस नावाची एक खाच बॉक्सला असावी असंही ठरलं, म्हणजे कंपनी बदलली की खाचेतलं मोड्यूल बदलायचं, बॉक्स तोच. ते मोड्यूल एखाद्या दुकानात मागून बघा. दुकानदार तुमच्या तोंडाकडे बघत राहील. शेवटी १० एप्रिल २०२० ला ट्रायनं पुन्हा शिफारस केली की प्रत्येक बॉक्स सगळीकडे चालणारा हवा. तेव्हा देश टाळेबंदीत घरी बसून टीव्हीच बघत होता. शिफारस झाली, आणि गच्च्यांवर छत्र्यांची संख्या वाढत राहिली.

मोबाईलचं बघा. २०११ च्या जानेवारीपासून आपण नंबर तोच ठेवून कंपनी बदलतो. सिम काढतो, दुसरं घालतो, फोन तोच. कंपनी बदलली म्हणून फोन फेकून द्या असं कुणी म्हणालं तर आपण त्याला वेड्यात काढू. टीव्हीच्या बाबतीत मात्र आपण गपगुमान नवीन छत्री बसवून घेतो, वर जुनी तशीच ठेवतो. आमच्या गल्लीत एका गच्चीवर मी चार मोजल्या. चालू एक.

युरोपनं हे फार आधी केलं. २००२ च्या निर्देशात त्यांनी ३० सेंटिमीटरहून मोठ्या पडद्याच्या डिजिटल टीव्हीला अशी खुली खाच सक्तीची केली. माझा आतेभाऊ (हो आत्या, तुमचाच) जर्मनीत आहे. तिथल्या एआरडी आणि झेडडीएफ या सार्वजनिक वाहिन्या उपग्रहावरून कुलुपाशिवाय येतात. त्यानं टीव्हीच्या मागं छत्रीची वायर लावली आणि विषय संपला. त्याला हा लेख लिहायची वेळ आली नाही.

आता काही जण म्हणतील, म्हणजे तुला सगळं फुकट बघायचंय. नाही. हे स्पष्ट लिहितो, कारण या विषयात चोरवाटा सांगणारे पुष्कळ भेटतात. कार्डं वाटून घेणं, किल्ल्या फोडणं, हे मी करत नाही आणि कुणाला सांगणार नाही. ज्यांनी पैसे खर्चून मालिका काढली, सामन्याचे हक्क घेतले, त्यांनी कुलूप लावावं, मी बघायचं असेल तर किल्लीचे पैसे देईन. माझं म्हणणं एवढंच, की कुलूप त्यांचं असू दे, दार माझं आहे. कुलूप काढायला आलेल्या माणसानं चौकटीसकट दार उचकटून न्यावं हा कुठला न्याय?

ही आजची गोष्ट नाही, आपल्याकडे ऐकण्या-बघण्यावर ताबा ठेवायची खोड जुनीच आहे. बाबा सांगायचे, घरी रेडिओ आणला की पोस्टात जाऊन लायसन काढावं लागायचं आणि दरवर्षी पैसे भरायला लागायचे. आपल्याच घरात, आपल्याच रेडिओवर बातम्या ऐकायच्या, त्याचं लायसन! मग १९९५ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात सांगितलं की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्याला अडीच वर्षंही झाली नाहीत तोवर, १९९७ च्या जुलैत, सरकारनं ४८०० मेगाहर्ट्झच्या वरचे उपग्रह सिग्नल घेणाऱ्या छत्र्यांवर बंदी आणली. आज गच्चीवर आहे तसली छत्री तेव्हा बेकायदा ठरली असती. बंदी उठली २००१ च्या जानेवारीत. आधी सरकार म्हणत होतं, बघायचं नाही. आता कंपनी म्हणते, आमच्या डब्यातूनच बघायचं. मालमत्ता सार्वजनिक आहे हे मधल्या मधे राहूनच गेलं.

पैशाचं म्हणाल तर १ फेब्रुवारी २०१९ पासून नवी दरपद्धत आली. शंभर वाहिन्यांसाठी जोडणी शुल्क जास्तीत जास्त १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे महिना. हे वाहिन्यांचे पैसे नव्हेत हं, नुसत्या जोडणीचे. शंभरात दूरदर्शनच्या फुकट वाहिन्याही धरलेल्या. २०२४ मध्ये तर ही कमाल मर्यादाच काढून टाकली. हिशेब लिहिणारा माणूस आहे म्हणून विचारतो, जे वरून आपोआप माझ्या गच्चीवर पडतंय त्याची जोडणी नेमकी कोण कुणाशी करून देतंय?

आता आपल्या लोकांकडे वळतो, कारण सगळा दोष कंपन्यांचा नाही. मी फ्री डिश लावली म्हटल्यावर घरच्या ग्रुपवर पहिला प्रश्न काय आला? "का रे, काही अडचण आहे का?" जणू मी रेशनच्या रांगेत उभा राहिलो! (आणि रांगेत उभं राहण्यात तरी कमीपणा कसला?) फुकट म्हणजे गरिबांचं, हे आपल्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की स्वतःच्या हक्काची गोष्ट वापरायचीही लाज वाटते. रंकाळ्यावर फिरायला तिकीट नाही म्हणून आपण तिथं जायचं सोडतो का?

खोटं बोलणार नाही, फ्री डिशवर सगळं मिळत नाही. मोठ्या मराठी वाहिन्यांच्या संध्याकाळच्या मालिका नाहीत, आणि आईला एका मालिकेची अजून हुरहुर आहे. खासगी वाहिन्या तिथं लिलावात जागा घेतात, आज आहेत त्या उद्या असतीलच असं नाही. १ मार्च २०१९ ला मोठ्या कंपन्यांनी आपल्या चालत्या हिंदी वाहिन्या एकदम काढून घेतल्या होत्या, पुढच्या वर्षी परत आणल्या. मुसळधार पावसात चित्र फुटतं, कारण एवढ्या उंच कंप्रतेचे सिग्नल पाण्यात जिरतात. जुलैत कोल्हापुरात हे होणारच. पाऊस ओसरला की परत येतं.

आणखी एक शंका. साधा फ्री डिशचा बॉक्स बाजारात मिळतो, मग कॉम्प्युटरचा खटाटोप कशाला? टीव्ही बघण्यापुरतं हवं असेल तर बॉक्सच घ्या, मी आनंदानं लावून देईन. कॉम्प्युटर अशासाठी, की त्यात आलेला कार्यक्रम जसाच्या तसा फाईल म्हणून साठतो. ती पेनड्राइव्हवर जाते, दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालते, आणि मी मेल्यावरही चालेल. माझ्या मुलीला कुणाचा ओटीपी लागणार नाही. बाबांच्या चौदा मैफलींनंतर मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

"आता सगळं मोबाईलवर आहे, छत्र्यांचा जमाना गेला," असं भाचा म्हणतो. त्याला मी २०१९ च्या ऑगस्टची आठवण दिली. पंचगंगेला महापूर, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, कोल्हापूर दिवसेंदिवस तुटलेलं. आमच्या गल्लीत नेट नाही, केबल नाही, वीज जाऊन-येऊन. इन्व्हर्टरवर टीव्ही लावला तर पडद्यावर पाटी, रिचार्ज संपला आहे. रिचार्ज करायला नेट हवं. म्हणजे बातम्या आकाशातून आमच्या छतावर पडत होत्या, छत्री त्या गोळा करत होती, वायर त्या खाली आणत होती, आणि शेवटच्या एक फुटावर बॉक्स आम्हाला सांगत होता की आधी पैसे भरा. बाबा तेव्हा शेजाऱ्यांचा ट्रान्झिस्टर आणून आकाशवाणी ऐकत बसले होते. ट्रान्झिस्टरनं त्यांना कुणाचं कनेक्शन म्हणून विचारलं नाही.

भाच्याला हेही सांगितलं, की मोबाईलवर तू काय बघतोस, किती वेळ बघतोस, कुठं थांबवतोस हे सगळं कुठंतरी लिहिलं जातं. छत्री नुसती घेते, उलट काही पाठवत नाही. मी रात्री बारा वाजता काय बघतो ते जीसॅट-१५ ला माहीत नाही, आणि मला तसंच बरं वाटतं.

तर करायचं काय? २०२३ च्या सुरुवातीला भारतीय मानक ब्युरोनं छत्रीची वायर थेट टीव्हीत लागेल, बॉक्सच लागणार नाही, अशा टीव्हीसाठी मानक काढलं, आयएस १८११२. पण मानक म्हणजे सक्ती नव्हे. दुकानात आपण विचारल्याशिवाय कुणी सांगणार नाही. पुढचा टीव्ही घ्याल तेव्हा दोन मिनिटं मोठेपणा बाजूला ठेवून विचारा, "यात सॅटेलाइट ट्यूनर आहे काय?" दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की अकराव्याच्या वेळी दुकानदार कंपनीला विचारेल. आणि बॉक्स सगळीकडे चालला पाहिजे हे २००१ पासून कागदावर आहे, ते आपल्या खासदारांना एकदा तरी विचारा. मी पत्र टाकलंय. उत्तर आलं तर इथं छापीन.

शेवटी एवढंच म्हणतो, हे कोल्हापूर आहे. बाबूराव पेंटरांनी इथं, परदेशी कॅमेरा परवडत नाही म्हणून रडत न बसता, १९१८ च्या सुमारास मिस्त्रींना हाताशी धरून कॅमेरा घरीच बनवला आणि त्यावर 'सैरंध्री' काढला. आम्हाला तर काही बनवायचंही नाही, आहे ती छत्री अर्धी वीत फिरवायची आहे. तेवढ्यासाठी कुणाची परवानगी लागते असं आपल्याला वाटायला लागलं, याचा मला राग आहे.

नातेवाईक मंडळींना विनंती, गच्चीवरची जुनी छत्री भंगारात घालू नका. कोल्हापुरात असाल तर फोन करा, रविवारी पाना घेऊन येतो. चहा तुमचा. बाहेरगावच्या ब्लॉगर मित्रांनो, वर दिलेले कोन कोल्हापूरचे आहेत, तुमच्या गावचे थोडे बदलतील. गावाचं नाव कळवा, हिशेब करून पाठवतो.

बाबांच्या त्या मैफली अजून कुलपातच आहेत. कागदपत्रं पाठवली आहेत, बघू. तोवर आई विविध भारती लावून बसते. तीही याच छत्रीतून येते, हे तिला परवाच कळलं, आणि कळल्यापासून टीव्ही जवळजवळ बंदच आहे.

असो. मिस्त्रींना अजून सांगायचं राहिलंय.